भुशातला बर्फ आणि आपल्या घरचा फ्रीज



जत्रेतला गोळेवाला आठवतो का? त्याच्याकडे बर्फाची लादी गोणपाटात गुंडाळलेली असायची आणि तिच्यावर लाकडाचा भुसा. चैत्राच्या उन्हातसुद्धा ती लादी दिवस मावळेपर्यंत पुरायची. लहानपणी मला वाटायचं, भुसाच गार असतो. पण तसं नाही. भुसा बाहेरची ऊब आत जाऊ देत नाही, एवढंच त्याचं काम. आज फ्रीजबद्दल बोलायचंय, आणि त्याची सुरुवात या भुशापासूनच करावी लागते.

१८३३ साली अमेरिकेतल्या बोस्टन बंदरातून ‘टस्कनी’ नावाचं जहाज कलकत्त्याला निघालं. माल होता बर्फ. तिकडची तळी हिवाळ्यात गोठतात. त्यांचा बर्फ कापून विकायचा धंदा फ्रेडरिक ट्यूडर नावाच्या व्यापाऱ्यानं काढला होता. जहाजात १८० टन बर्फ भरला. चार महिन्यांचा प्रवास, वाटेत दोनदा विषुववृत्ताचा उन्हाळा. तरी कलकत्त्याला साधारण १०० टन शिल्लक उतरला. कशाच्या जोरावर? भुशाच्याच. शिवाय लाद्या एकमेकींना घट्ट चिकटवून रचलेल्या, मध्ये हवेला फट नाही. बर्फाचा मोठा ढीग सावकाश विरघळतो, सुटा तुकडा लगेच संपतो.

पुढच्या वर्षी तो बर्फ मुंबईला आला. जमशेटजी जीजीभाय यांनी मेजवानीत पाहुण्यांना आइस्क्रीम दिलं, आणि यजमानासकट पाहुण्यांना सर्दी झाल्याची बातमी तिथल्या गुजराती वर्तमानपत्रात छापून आली! बर्फ ही साहेबांची आणि शेठ लोकांची चैन होती. पुढे इथेच यंत्रावर बर्फ करणारे कारखाने निघाले आणि बोस्टनचा धंदा बसला. आज आपल्याकडे भिगवणला उजनीतली मासळी बर्फात भरून बाहेरगावी जाते, तिथे बर्फ ही चैन नाही, रोजची गरज आहे.

आपल्या आज्या-पणज्यांकडे बर्फ नव्हता. पण दूध नासू नये म्हणून त्या ते तापवायच्या, उरलेल्याला विरजण लावायच्या. दुधाचं पातेलं पाण्याच्या परातीत ठेवून वर ओलं फडकं टाकायच्या. भाजी वाळवायची, कैरीला मीठ लावायचं. आणि माठ तर घरोघरी होताच. माठाच्या अंगातून पाझरलेलं पाणी वाऱ्यानं उडून जातं, आणि जाताना आतली ऊब घेऊन जातं. फ्रीजही नेमकं हेच करतो. फ्रीजरच्या पत्र्यातल्या नळ्यांत एक द्रव फिरतो. तो तिथे उडून वायू होतो आणि आतली उष्णता उचलतो. मग खालचा कॉम्प्रेसर त्या वायूला दाबतो, मागच्या जाळीत तो ती उष्णता बाहेर टाकतो आणि पुन्हा द्रव होतो. म्हणजे फ्रीज आत गारवा भरत नाही, ऊब बाहेर काढतो. म्हणून फ्रीज भिंतीला चिकटवून ठेवू नये, आणि मागच्या जाळीवर धूळ-जळमटं साचू देऊ नयेत. प्लग काढून सुक्या ब्रशनं ती झाडली की झालं. जाळी झाकली गेली तर काढलेली ऊब जाणार कुठे? कॉम्प्रेसर बिचारा रात्रंदिवस धापा टाकतो, आणि बिल आपल्याला येतं.

नळ्यांतल्या या वायूचा इतिहास मात्र भीतीदायक आहे. परदेशात सुरुवातीच्या घरगुती फ्रीजमध्ये सल्फर डायऑक्साइडसारखे विषारी वायू असायचे, आणि गळती होऊन माणसं मेलीही. १९३० च्या सुमाराला फ्रिऑन आला, ना विषारी ना जळणारा. सगळ्यांना हायसं वाटलं. पुढे कळलं की हाच वायू वर जाऊन ओझोनचं आवरण खातो. १९८७ मध्ये माँट्रियलचा करार झाला, १९९२ मध्ये भारत त्यात आला, आणि तो वायू बंद झाला. आता बऱ्याच घरगुती फ्रीजमध्ये आयसोब्युटेन असतो. तो स्वयंपाकाच्या गॅसच्याच जातीचा, म्हणजे पेट घेणारा. प्रमाण अगदी थोडं असतं, घाबरायचं कारण नाही. फ्रीजमागच्या चिकटपट्टीवर आर-६००ए असं लिहिलेलं दिसेल.

हे मुद्दाम सांगते, कारण एका दारच्या फ्रीजमध्ये फ्रीजरात बर्फाचा थर चढतो आणि आपण घाईनं सुरी घेतो. फ्रीजरचा पत्रा ॲल्युमिनियमचा, पातळ, आणि वायूची वाट त्याच पत्र्यातून. माझ्या जावेनं दिवाळीच्या आवराआवरीत असाच बर्फ खरवडला. फुस्स असा आवाज आला आणि संपलं. गटातून कर्ज काढून घेतलेला फ्रीज, हप्ते अजून सात राहिलेले. दुरुस्तीचा आकडा ऐकून ती दोन दिवस कुणाशी बोलली नाही. थर अर्ध्या बोटाएवढा झाला की बटण बंद करा, दार उघडं ठेवा, खाली फडकं टाका आणि आपली कामं करा. बर्फ आपोआप सुटतो. मग कोमट पाण्यात थोडा खायचा सोडा घालून आतून पुसून घ्या.

आपल्या देशात फ्रीज तयार होऊ लागला तो १९५८ मध्ये, मुंबईच्या गोदरेजमध्ये. पण गावात तो यायला वीज लागते, आणि नुसत्या तारा येऊन भागत नाही. २००५ नंतरची ती भारनियमनाची वर्षं आठवा! बारा-बारा तास लाइट नाही. लेकीच्या लग्नात हौसेनं दिलेले फ्रीज कपाटासारखे वापरले जायचे. आत काय तर वह्या, औषधं, साड्यासुद्धा. पुढे शेतीपंपांची आणि गावठाणाची लाइन वेगळी झाली तेव्हा कुठे घरात वीज टिकू लागली. तरी दाब कमी-जास्त होतोच. कॉम्प्रेसर जळतो तो बहुतेक त्यानंच. म्हणून स्टॅबिलायझर हवा, आणि लाइट आल्याबरोबर फ्रीज सुरू न करता पाच मिनिटं थांबायला हवं.

लाइट गेली की दार उघडायचं नाही. बंद दारात खालचा कप्पा साधारण चार तास गार राहतो. गच्च भरलेला फ्रीजर दोन दिवस तग धरतो, अर्धा भरलेला एकच दिवस. बोस्टनच्या जहाजातल्या लाद्यांचंच हे गणित. फ्रीजर रिकामा असेल तर पाण्याच्या बाटल्या थोड्या अपुऱ्या भरून आत ठेवा, गोठल्या की त्याच आपल्या लाद्या. आणि दाराचं रबर? दारात कागद धरून दार लावा. कागद सहज ओढून निघाला तर रबर सैल झालंय. नुसतं मळलं असेल तर साबणाच्या पाण्यानं पुसून पाहा.

दारातल्या कप्प्यांबद्दलही एक गोष्ट. अंडी आणि लोणी ठेवायचे हे कप्पे लिलियन गिलब्रेथ या अमेरिकन बाईंनी सुचवले असं सांगतात. इंजिनिअर, आणि बारा लेकरांची आई! पण दार सारखं उघडतं, त्यामुळे फ्रीजमधली सगळ्यात उबदार जागा तीच. दूध तिथे ठेवू नका, आत मागच्या बाजूला ठेवा.

आणि फ्रीजच्या मागे खाली वाकून बघा. वितळलेलं पाणी साचायला तिथे एक ट्रे असतो. डेंग्यूचा डास असल्याच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. तो ट्रे आठवड्यातून एकदा ओतून, घासून कोरडा करा. जड फ्रीज एकटीनं ओढू नका, घरातल्या माणसांना हाक मारा. थंड पाणी तेही पितात.