कुलीन कांता

कुलीन कांता : बावला खून प्रकरणावर बेतलेला मूकपट (1925). निर्मिती मुंबईच्या कोहिनूर फिल्म कंपनीची, दिग्दर्शन होमी मास्टर यांचे. ज्या वर्षी खून झाला, त्याच वर्षी तो तिकीट लावून पडद्यावर दाखवला गेला. हिंसेचा तमाशा मांडणाऱ्या भारतीय चित्रपटांचा इतिहास लिहायचा, तर हे नाव अगदी आरंभी घ्यावे लागते.

12 जानेवारी 1925 च्या संध्याकाळी मलबार हिलवर अब्दुल कादर बावला या धनिक व्यापाऱ्याची मोटार हल्लेखोरांनी अडवली. त्यांना बावलासोबतची मुमताज बेगम पळवून न्यायची होती. बावलाला गोळ्या घातल्या, मुमताजच्या चेहऱ्यावर सुरीचे वार झाले. तेवढ्यात गोल्फ खेळून परतणारे काही लष्करी अधिकारी तेथे पोहोचले. त्यांतल्या एकाने हातातल्या गोल्फच्या काठीने हल्लेखोरांना झोडपले आणि अंगावर गोळ्याही झेलल्या. मुमताज वाचली, बावला दगावला.

धागेदोरे निघाले ते होळकरांच्या इंदूर संस्थानात. मुमताज पूर्वी इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकर (तिसरे) यांच्या दरबारी होती. आपल्या नवजात मुलीला इंदुरात मारण्यात आले, असे तिने न्यायालयात सांगितले. न्यायमूर्ती क्रंप यांच्यापुढे नऊ आरोपींवर खटला चालला. इंदूर फौजेतील बडे अधिकारी आनंदराव फणसे यांचे वकीलपत्र महंमद अली जिना यांनी घेतले होते. तिघांना फाशीची शिक्षा सुनावली गेली. चौकशी आयोगापुढे उभे राहण्याऐवजी महाराजांनी फेब्रुवारी 1926 मध्ये गादी सोडली.

ताज्या घडामोडी पडद्यावर आणण्याची कोहिनूरला सवय होती. द्वारकादास संपत यांच्या या कंपनीचा ‘भक्त विदुर’ (1921) विदुरात गांधीजी दिसतात म्हणून काही प्रांतांत बंदीत सापडला होता. ‘कुलीन कांता’त मात्र राजकारणाहून मोठे आकर्षण होते ते एका बाईच्या जखमांचे, आणि ती बाई तेव्हा हयात होती.

पुढे विसाव्या शतकाच्या अखेरीस आलेल्या छद्म-माहितीपटांनी याच्या उलट वाट धरली. ‘मॅन बाइट्स डॉग’ (1992) या बेल्जियन चित्रपटात छायाचित्रणाचा चमू एका खुन्याच्या मागे फिरत फिरत त्याच्या गुन्ह्यांत सामील होतो. तेथे खोटा खून खरा भासवला जातो आणि बघणाऱ्याला जाब विचारला जातो. ‘कुलीन कांता’त खऱ्या खुनाला कथेचा मुलामा दिला होता. मध्य प्रदेशात चित्रित झालेल्या ‘पीपली लाइव्ह’ने (2010) शेतकऱ्याच्या संभाव्य आत्महत्येभोवती जमलेली वाहिन्यांची जत्रा दाखवली. प्रेक्षकाची जबाबदारी ओळखणारे हे दोन्ही चित्रपट ‘कुलीन कांता’हून प्रामाणिक आहेत.

कोहिनूरच्या बहुतेक मूकपटांप्रमाणे ‘कुलीन कांता’ही आज पाहायला मिळत नाही. मुमताजची साक्ष मात्र त्या काळच्या वृत्तपत्रांत छापलेली आहे. या प्रकरणाच्या अभ्यासकांनी आधी ती वाचावी.