रकाने कोणी आखायचे?

परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यातील चारठाणा हे गाव यादवकालीन मंदिरांसाठी, उंच स्तंभासाठी आणि पायऱ्यांच्या बारवेसाठी अभ्यासकांना परिचित आहे. इथे एके काळी ३६० मंदिरे आणि तितक्याच बारवा होत्या, असे सांगितले जाते. हे तपासायचे तर यादी हवी. ती यादी कोणी आणि कशावर करायची, हा प्रश्न मात्र केवळ पुरातत्त्वाचा नाही. संगणकाच्या इतिहासातल्या एका जुन्या वादाशी तो जोडलेला आहे : काम करणाऱ्याने आपले साधन स्वतः घडवावे, की प्रोग्रामर येईपर्यंत थांबावे?

मी संगणकशास्त्र शिकलेलो नाही. आडत दुकानाची रोजकीर्द आणि खतावणी लिहिता लिहिता संगणकावरचा तक्ता शिकलो आणि पुढे तोच मंदिर-बारवांच्या नोंदींसाठी वापरू लागलो. त्यामुळे हा वाद मला हिशेबाच्या वहीच्या बाजूने दिसतो.

त्याचा आरंभही हिशेबातूनच झाला. हार्वर्डच्या व्यवसाय-शिक्षण संस्थेत शिकणाऱ्या डॅन ब्रिकलिन यांना एक आकडा बदलला की सगळी बेरीज पुन्हा करत बसणे नकोसे झाले होते. बॉब फ्रँक्स्टन यांच्यासह त्यांनी केलेला ‘व्हिजिकॅल्क’ हा तक्ता १९७९ मध्ये बाजारात आला. तोवर कचेरीत एखादा छोटा हिशेब संगणकावर घ्यायचा, तरी संगणक विभागाकडे मागणी नोंदवून वाट पाहावी लागे. आता हिशेबनीस स्वतः रकाने आखू लागला, सूत्रे लिहू लागला. आपण प्रोग्रामिंग करत आहोत, हे बहुतेकांच्या मनातही नव्हते.

मराठीत या गोष्टीला आणखी एक अडसर होता. ‘फॉक्सप्रो’त किंवा ‘एक्सेल’मध्ये आपापल्या याद्या करणारे कारकून, दुकानदार, शिक्षक आपल्याकडेही होते. पण मराठी मजकूर ज्या टंकात लिहिला, त्या टंकातच तो वाचता येई. पडद्यावर ‘चारठाणा’ दिसे, आत मात्र रोमन अक्षरे आणि चिन्हे साठवलेली असत. टंक नसलेल्या संगणकावर गावाचे नाव म्हणजे चिन्हांचा गोंधळ. असे नाव शोधताही येत नाही आणि अकारविल्हे लावताही येत नाही. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे मानक १९९१ मध्ये ठरले आणि त्याच वर्षीच्या ‘युनिकोड’च्या पहिल्या आवृत्तीत देवनागरी होती. परंतु ही सोय रोजच्या वापरात मुरायला बरीच वर्षे गेली. मराठी माणसाला महाजालावर स्वतःचे साधन घडवता आले, ते त्यानंतर.

दरम्यान तक्ता कचेरीतून महाजालावर गेला होता. गूगलचे नकाशे २००५ मध्ये आले. त्याच वर्षी पॉल रेडमाकर यांनी भाड्याच्या घरांच्या जाहिराती त्या नकाशावर बसवून दाखवल्या. ते स्वतः प्रोग्रामर होते, म्हणून त्यांना ते जमले. पण २००७ मध्ये ‘माय मॅप्स’ आले आणि तेच काम कोणालाही करता येऊ लागले. चेन्नईत उभ्या राहिलेल्या ‘झोहो’ने २००६ मध्ये ‘क्रिएटर’ आणले : अर्ज आखा, रकाने ठरवा, महाजालावर चालणारी प्रणाली तयार.

बारवांच्या बाबतीत याचे फळ २०२०पासून दिसू लागले. मनुष्यबळ विभागातील नोकरी केलेले रोहन काळे यांनी महाराष्ट्रातील बारवांच्या जागा नकाशावर नोंदवण्याची मोहीम सुरू केली. गावोगावच्या लोकांनी माहिती आणि छायाचित्रे पाठवली. त्यातून साफसफाई झाली, महाशिवरात्रीला बारवांत दिवे लागले. परभणी जिल्हा या कामात मागे नव्हता.

मला यातले मोल केवळ सोयीचे वाटत नाही. रकाना आखणे हाच संशोधनातला निर्णय असतो. शिल्पशास्त्रात वापीचे चार प्रकार सांगितले आहेत : एक प्रवेश असलेली नंदा, दोन असलेली भद्रा, तीन असलेली जया आणि चार असलेली विजया. हे ठाऊक असलेला माणूस ‘प्रवेश किती’ हा रकाना आधी आखील. बाहेरून आलेला कुशल प्रोग्रामर ‘खोली’ आणि ‘व्यास’ विचारून थांबेल, कारण त्याच्या लेखी ती विहीर आहे. नंतर सुधारणा करता येते. पण नोंद करणारा तोवर गाव सोडून गेलेला असतो.

तरीही धोका आहे, आणि तो साधनाच्या मालकीचा आहे. प्रोग्रामरविना प्रणाली उभारू देणारी ‘कॉगहेड’ ही सेवा २००९ मध्ये बंद झाली. तक्त्यातून थेट नकाशा काढून देणारे गूगलचे ‘फ्यूजन टेबल्स’ ३ डिसेंबर २०१९ रोजी, तर ‘अ‍ॅप मेकर’ जानेवारी २०२१ मध्ये बंद झाले. दुसऱ्याच्या जागेत बांधलेले घर मालक म्हणेल तेव्हा रिकामे करावे लागते. ज्यांनी नोंदींची प्रत काढून ठेवली, त्यांची माहिती तरली.

म्हणून चारठाण्याच्या यादीसाठी माझा आग्रह साधाच आहे. ती गावातल्याच माणसांनी करावी. नावे युनिकोडमध्ये लिहावीत. अक्षांश-रेखांश नकाशावरच्या ठिपक्यात अडकवून न ठेवता वेगळ्या रकान्यात लिहावेत. प्रत्येक नोंदीपुढे ती कोणी केली, कधी केली आणि कशावरून केली, हे तीन रकाने असावेत. वर्षातून एकदा छापील प्रत ग्रामपंचायतीत आणि शाळेत ठेवावी. बारवेचा गाळ जसा वेळच्या वेळी काढावा लागतो, तशाच दुबार आणि चुकीच्या नोंदीही काढाव्या लागतील. ३६०चा आकडा त्या यादीत भरेल किंवा भरणार नाही. पण कोणती बारव बुजली, कोणती शेतात गेली आणि कोणती फक्त सांगण्यात उरली, हे पुढच्या अभ्यासकाला ओळीने वाचता येईल, आणि आमची नोंद खोडायची झाली तर कशाच्या आधारे खोडायची, हेही त्याला कळेल.