नाडी लागत नाही, तरी माणूस जिवंत : हृदयाला आधार देणाऱ्या पंपाची माहिती

हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणे नव्हे. हृदयाचा स्नायू कमजोर होतो आणि शरीराला लागेल तेवढे रक्त पुढे ढकलले जात नाही. थोडे चालले तरी धाप लागते, पाय सुजतात, रात्री उताणे झोपवत नाही. बऱ्याच जणांना औषधांनी आराम पडतो. आजार शेवटच्या टप्प्यात गेला की काहींसाठी हृदय प्रत्यारोपण किंवा छातीत बसवायचा पंप हे मार्ग उरतात. या पंपाला एलव्हीएडी म्हणतात.

पंप काम कसा करतो?
मूळ हृदय काढत नाहीत. पंप हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्याच्या टोकाला बसवतात. तो रक्त ओढून महाधमनीत सोडतो. पोटातून बाहेर आलेली वायर कंट्रोलर आणि बॅटऱ्यांना जोडलेली असते.

बदल काय झाला?
सुरुवातीचे पंप मोठे होते, त्यांचे भाग झिजायचे. २००१ च्या अमेरिकेतील अभ्यासात पंप बसवलेले ५२ टक्के रुग्ण वर्षभर जगले, तर औषधांवरचे २५ टक्के. २०१७ मध्ये तिथे मान्यता मिळालेल्या हार्टमेट ३ मधला पंखा चुंबकाच्या जोरावर अधांतरी फिरतो. बेअरिंग नसल्याने घासणे नाही आणि पंपात रक्ताची गाठ होण्याचा धोका बराच कमी झाला. या पंपाचे सुमारे ५८ टक्के रुग्ण पाच वर्षांनंतरही हयात होते, आधीच्या पंपाचे सुमारे ४४ टक्के.

घरी काय सांभाळायचे?
• पूर्ण चार्ज केलेली बॅटऱ्यांची जोडी साधारण १७ तासांपर्यंत चालते. लोडशेडिंगच्या गावात जादा बॅटऱ्या कायम भरून ठेवाव्या लागतात.
• दोन्ही बॅटऱ्या एकाच वेळी काढायच्या नाहीत.
• वायरीला हिसका बसू द्यायचा नाही. तिथली जखम स्वच्छ ठेवायची, नाहीतर जंतुसंसर्ग होतो.
• विहिरीत, नदीत पोहणे बंद.
• रक्त पातळ करणारी गोळी आणि रक्ततपासणी चुकवायची नाही.

रुग्ण बेशुद्ध पडला तर?
पंप रक्त सतत वाहते ठेवतो, त्यामुळे मनगटाला नाडी बऱ्याचदा लागत नाही. बीपीचे साधे मशीनही आकडा दाखवेलच असे नाही. म्हणून नाडी नाही, म्हणजे माणूस गेला, असे समजू नये. श्वास बघावा, छातीला कान लावून पंपाची गुणगुण ऐकावी, वायर आणि बॅटऱ्या नीट जोडल्यात का ते पाहावे. लगेच १०८ ला फोन करून रुग्णाला हृदयाचा पंप आहे, हे आधी सांगावे.

पंप अतिशय महाग आहे आणि मोजक्या मोठ्या रुग्णालयांतच बसवतात. त्यामुळे धाप आणि पायांची सूज अंगावर काढू नये, वेळेत डॉक्टरांना दाखवून इको तपासणी करून घ्यावी.