समन्साची मागची बाजू

पाडव्याच्या संध्याकाळी ओवाळून झाले की नवरा तबकात ओवाळणी घालतो. ऐपत असली तर एखादी सोन्याची पुतळी घालतो. ती पुतळी कोणाची? त्या घटकेला असा प्रश्न कोणी काढला तर घरातली वडील मंडळी त्याला ओसरीवर बसवतील. मी मात्र पोटासाठी चाळीस वर्षे हाच प्रश्न विचारीत आलो. धुळे आणि जळगाव या दोन गावच्या कोर्टांत माझी वकिली झाली. तेव्हा सणासुदीला काडीमोडीची गोष्ट काढल्याबद्दल वाचकांनी, आणि विशेषतः वाचक भगिनींनी, राग मानू नये.

१९७९ साली गिरणाकाठची एक बाई भावाला घेऊन माझ्याकडे आली. हातात समन्स होते. नवऱ्याने धुळ्यास घटस्फोटाचा अर्ज केला होता. कागदावर हजर राहण्याची तारीख होती, पण बाईला तारखेची चिंता नव्हती. ती म्हणाली, "भाऊ, मनं सोनं तठेच शे." निकाल लागायला वर्षे लागतात हे तिला ठाऊक होते, आणि सोने वितळायला एक दुपार पुरते हेही. जळगावसारख्या सोन्याच्या पेठेजवळ वाढलेल्या माणसाला ते कोणी शिकवावे लागत नाही.

मी नवा वकील. आपण मनाई हुकूम मागू, असे मी ऐटीत सांगितले. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ३९ व्या आदेशाखाली तूर्तातूर्त मनाईचा अर्ज दिला. पण समोरच्याला नोटीस न देता मनाई देणे हा अपवाद, आणि १९७६ च्या दुरुस्तीने त्यासाठी कोर्टाला कारणे लिहावी लागू लागली होती. नोटीस निघाली. समोरच्यांनी मुदत मागितली. मग कैफियत आली : असे दागिने कधी नव्हतेच. शेत होते, पण सातबारावर सासऱ्याचे नाव. नवऱ्याच्या नावावर एक सायकल निघाली!

या प्रकरणाने मला जुन्या पुस्तकांच्या नादी लावले. दावा दाखल होतो आणि निकाल लागतो, या दोहोंच्या मधल्या काळात घरातल्या चीजवस्तूंचा वाली कोण, हे मला पाहायचे होते.

खानदेश १८१८ साली कंपनी सरकारकडे आला आणि कॅप्टन ब्रिग्जने धुळे हे ठाणे केले. नव्या राज्यकर्त्यांना इथले रिवाज ठाऊक नव्हते. म्हणून आर्थर स्टील या अधिकाऱ्याने दख्खन प्रांतातील जातींचे रिवाज गोळा केले. त्याचे पुस्तक १८२७ चे. त्याच वर्षीच्या मुंबई इलाख्याच्या कायद्याने दिवाणी दाव्यांत रिवाजाला मान दिला. हिंदूंत घटस्फोट नव्हता असे जे सरसकट सांगतात, ते उच्चवर्णीयांपुरते खरे आहे. शेतकरी आणि कारागीर जातींत फारकत होती, सोडचिठ्ठी होती, नंतर पाटही लागत असे. हे सगळे पंचांपुढे चाले.

माझी आजी तापीकाठच्या एका गावची. तिच्या लहानपणी एका घरी फारकत निघाली. पंच बसण्याआधी त्यांनी सुनेच्या अंगावरचे आणि पेटीतले सारे डाग एका फडक्यात बांधून तिसऱ्याच घरच्या म्हातारीपाशी ठेवायला लावले. "आधी गाठोडं, मग तोंडं," असे आजी हसून सांगे. पंचायतीचे मला प्रेम नाही. बाईची बाजू तिथे बहुधा पुरुषच मांडत. पण गाठोड्याची ही अक्कल मला फार मोलाची वाटते.

पुढे १८७६ साली मुंबई हायकोर्टाने ठरवले, की विवाह मोडण्याचा जातीचा अधिकार कोर्ट मानणार नाही. निर्णय योग्यच होता. मात्र पंचांचा हात बाजूला झाला आणि गाठोडे सांभाळणारे दुसरे कोणी नेमले गेले नाही. ख्रिस्ती लोकांसाठी १८६९ चा घटस्फोटाचा कायदा होता, आणि त्यात दावा चालू असता बायकोला पोटगी मिळे. तीही नवऱ्याच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ उत्पन्नाच्या एकपंचमांशाहून जास्त नाही. हिंदूंसाठी मुंबई प्रांताचा घटस्फोटाचा कायदा १९४७ साली आला आणि देशाचा हिंदू विवाह कायदा १९५५ साली. या दुसऱ्या कायद्याच्या २४ व्या कलमाने दावा चालू असेतो पोटगी आणि खर्च दिला. २७ व्या कलमाने लग्नात मिळालेल्या, दोघांच्या सामाईक वस्तूंची वाटणी निकालाच्या वेळी करण्याची सोय केली. पोटाची सोय झाली, शेवटची सोय झाली. मधल्या काळात पेटीला कुलूप कोणी लावायचे, ते मागणाऱ्यावर सोपवले.

कायद्याला ही कल्पनाच सुचली नव्हती असे नाही. मालमत्ता हस्तांतरणाच्या १८८२ च्या कायद्यात ५२ वे कलम आहे. शेताबद्दल दावा चालू असता कोणी ते विकले, तर घेणाऱ्यालाही निकाल बांधतो. पण त्यासाठी भांडण प्रत्यक्ष त्या स्थावराबद्दल असावे लागते. घटस्फोटाच्या अर्जात भांडण असते संसाराबद्दल. आणि पुतळ्यांची माळ काही स्थावर नव्हे.

काही वर्षांपूर्वी कॅलिफोर्नियातल्या माझ्या पुतण्याने तिथल्या घटस्फोटाच्या समन्साचा कोरा नमुना पाठवला. तो पाहून मी थक्क झालो. समन्साच्या पाठीमागेच मनाई हुकूम छापलेले! कोणी मागायला नको, कोणी युक्तिवाद करायला नको. अर्ज करणाऱ्याला अर्जाच्या क्षणापासून आणि दुसऱ्याला समन्स बजावल्यापासून ते बांधतात. परवानगीवाचून मुलांना राज्याबाहेर न्यायचे नाही, मालमत्ता विकायची किंवा लपवायची नाही, एकमेकांचा विमा रद्द करायचा नाही. माझ्या मनात लगेच आमचा कापूसवाला आला. त्याने हंगामात कापूस विकायचा नाही की काय? त्याचीही तजवीज आहे : नेहमीचा धंदा आणि रोजच्या गरजा यांना सूट.

आपल्याकडे त्याच्या जवळ जाणारी गोष्ट आली ती २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या कायद्याने. तो २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आला. त्याच्या १८ व्या कलमात बँकेचा लॉकर, खाते आणि स्त्रीधन यांची नावे घेऊन मनाई करता येते. २३ व्या कलमाने ती तातडीने, एकतर्फीही देता येते. घटस्फोटाच्या कोर्टातही हे मागता येते. सासऱ्यालाही त्यात सामील करता येते, आणि एकत्र कुटुंबाच्या आमच्या मुलखात ही मोठी गोष्ट आहे. २०२० साली रजनेश आणि नेहा यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पोटगीच्या अर्जांत दोन्ही पक्षांनी मिळकत आणि कर्जे शपथेवर सांगावीत असा दंडक घातला. माझ्या त्या सायकलवाल्या प्रतिवादीला ते जड गेले असते.

तरीही यांतले काही आपोआप होत नाही. बाईने छळाची हकिकत सांगून मागावे लागते. ज्या संसारात मारहाण नाही, फक्त दुरावा आणि बंद पेटी आहे, तिथे तिने काय सांगावे? समन्सावरच छापले तर दोघांच्याही अब्रूला धक्का न लागता काम होईल, असे मला वाटते. माझे वकीलमित्र म्हणतात, लोक समन्स येण्याच्या आदल्या दिवशीच सोने हलवतील. हलवतील खरे.

त्या बाईचा निकाल १९८३ साली लागला. स्त्रीधन हे बायकोचे, नवऱ्याकडे ते केवळ विश्वासाने ठेवलेले, हा सर्वोच्च न्यायालयाचा प्रतिभा राणी खटल्यातला निर्णय १९८५ चा. तिला दोन वर्षे उशिरा. सामाईक वस्तू परत करण्याचा हुकूम मात्र झाला. बेलिफ यादी घेऊन गेला आणि एक हंडा, दोन घागरी व एक परात घेऊन आला. कागदाच्या मागच्या बाजूला त्याने बारीक अक्षरात शेरा लिहिला होता : यादीतील बाकी जिन्नस मिळून आले नाहीत. खाली तारीख आणि सही. बाईने तो मला दोनदा वाचायला लावला आणि घागरी भावाच्या हाती देऊन हंडा स्वतः डोक्यावर घेतला.