मूठभर मातीआधीची नऊ वर्षं

पंतप्रधान गॉफ व्हिटलम गुरिंजी आदिवासींचे नेते व्हिन्सेंट लिंगियारी यांच्या तळहातावर लाल माती ओततायत, हे १९७५ चं छायाचित्र ऑस्ट्रेलियात सर्वांच्या ओळखीचं. खरं तर हा प्रसंग घडला मांडवाच्या सावलीत. मर्विन बिशप या आदिवासी छायाचित्रकाराने दोघांना उन्हात आणून तो पुन्हा करून घेतला. मला त्यात गैर वाटत नाही. पण आधीची नऊ वर्षं त्या चौकटीत मावत नाहीत. ऑगस्ट १९६६ मध्ये गुरिंजी गुराखी, शेजारच्या मुदबुरा आणि वार्लपिरींना घेऊन, बायकापोरांसह वेव्ह हिलच्या कुरणावरून चालते झाले. मालक ब्रिटिश वेस्टी कंपनी. लोक समजले, मजुरीचा संप. पुढच्या वर्षी वॅटी क्रीकपाशी तळ ठोकून त्यांनी आपली जमीनच परत मागितली. व्हिटलमनी दिला तो नुसता भाडेपट्टा. मालकी मिळाली १९८६ मध्ये. लिंगियारी १९८८ मध्ये वारले.