वृत्तप्रवाहाचे साचे आणि कऱ्हाडचे नाव

कृष्णा-कोयनेच्या संगमावरील नगराचे नाव संस्कृत लेखांत ‘करहाटक’ असे आढळते. आजच्या मराठीत ते ‘कराड’ व ‘कऱ्हाड’ अशा दोन रूपांनी लिहिले जाते. यांपैकी दुसरे रूप संगणकयुगातील एका प्रश्नाच्या दृष्टीने उद्बोधक आहे. बातम्यांचा प्रवाह, म्हणजेच ‘फीड’, कोणत्या साच्यात प्रसिद्ध करावा, हा तो प्रश्न होय.

या साच्यांचा इतिहास फार जुना नाही. मार्च १९९९ मध्ये नेटस्केप या अमेरिकन कंपनीने आपल्या संकेतस्थळासाठी ‘आर. एस. एस.’ हा साचा काढला. पुढे त्याच्या दोन शाखा झाल्या : डिसेंबर २००० मधील १.० ही एक, व २००२ मध्ये डेव्ह वाइनर यांनी सिद्ध केलेली २.० ही दुसरी. या दुफळीतून मार्ग काढण्यासाठी २००३ मध्ये नव्या साच्याचे कार्य सुरू झाले आणि डिसेंबर २००५ मध्ये ‘ॲटम’चे मानक प्रसिद्ध झाले.

मराठीच्या दृष्टीने आर. एस. एस. २.० व ॲटम यांत तीन भेद महत्त्वाचे आहेत. पहिल्यात महिन्याचे नाव इंग्रजी संक्षेपानेच द्यावे लागते; दुसऱ्यात तारीख केवळ अंकांनी दिली जाते. पहिल्यात भाषेचा निर्देश संपूर्ण प्रवाहासाठी एकदाच होतो. दुसऱ्यात तो प्रत्येक बातमीस स्वतंत्रपणे करता येतो. तिसरा भेद सर्वांत मोलाचा : ॲटममध्ये प्रत्येक बातमीस कायमचे ओळखचिन्ह देणे अनिवार्य आहे, आर. एस. एस. २.० मध्ये ते ऐच्छिक आहे.

हे चिन्ह नसल्यास बातमी जुनी की नवी, हे यंत्राला बहुधा दुव्यावरून वा शीर्षकावरून ठरवावे लागते. ‘कऱ्हाड’ची अडचण येथे उद्भवते. युनिकोडमध्ये यातील अर्धा र दोन प्रकारे लिहिता येतो : ‘ऱ’ व हलन्त यांनी, किंवा ‘र’, हलन्त व एक अदृश्य जोडचिन्ह यांनी. डोळ्यांना दोन्ही रूपे सारखीच दिसतात. यंत्राला मात्र ती भिन्न वाटतात. परिणामी एकच बातमी दोनदा उमटू शकते, आणि नावाने शोध घेणाऱ्यास काही बातम्या सापडतच नाहीत.

सारांश, मराठी वृत्तांसाठी ॲटम अधिक सोयीचा ठरतो. तथापि आर. एस. एस. २.० आधी रूढ झाल्याने आजही त्याचा प्रसार मोठा आहे. तो स्वीकारणाऱ्याने ऐच्छिक ओळखचिन्ह अनिवार्यच मानावे. अक्षरांची एकरूपता मात्र कोणताही साचा राखत नाही. ते काम लिहिणाऱ्याचेच राहते.