अध्यापनाची चिकित्सा

एखादें नवें औषध बाजारांत आलें, कीं शहाणा वैद्य प्रथम पुरावा मागतो. किती रोग्यांना दिलें, किती बरे झाले, आणि त्यांतले किती औषधावांचूनही बरे झाले असते? असे प्रश्न विचारण्याची संवय लावणें हा वैद्यकीय शिक्षणाचा एक मोठा हेतु मानला जातो. पण ज्या शिक्षणानें ही संवय लावावयाची, त्या शिक्षणाकडेच पुरावा कोणीं मागावा? तासभर व्याख्यान ऐकून विद्यार्थ्याच्या डोक्यांत काय उरतें? परीक्षेंत पहिला येणारा मुलगा रोग्याच्या उशाशींही पहिलाच ठरतो काय? विसाव्या शतकाचा मध्य उलटेपर्यंत हे प्रश्न शास्त्रीय रीतीनें फारसे कोणीं विचारलेच नव्हते. त्यांच्या पाठपुराव्यांत ज्यानें आपली हयात वेंचली, त्या डॉ. जॉर्ज मिलर या अमेरिकन वैद्याची हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे.

या हकीकतीची पूर्वपीठिका १९१० मधली आहे. त्या वर्षीं अब्राहम फ्लेक्स्नर नांवाच्या गृहस्थानें अमेरिका व कॅनडा येथील १५५ वैद्यकशाळांची पाहणी करून एक अहवाल प्रसिद्ध केला. फ्लेक्स्नर स्वतः वैद्य नव्हता, शाळामास्तर होता. आणि म्हणूनच कदाचित् वैद्यांचा मुलाहिजा बाळगण्याचें त्याला कारण पडलें नाहीं. प्रयोगशाळा नाहीं, रुग्णालयाशीं संबंध नाहीं, प्रवेशाला धरबंध नाहीं, अशा शाळांचें त्यानें उघडें वर्णन केलें व पुढें त्यांपैकीं पुष्कळ शाळा बंद पडल्या. शाळेजवळ काय काय असावें हें त्या अहवालानंतर बरेंचसें ठरून गेलें. परंतु शाळेच्या आंत गेल्यावर विद्यार्थी शिकतो कसा, हा प्रश्न जागच्या जागीं राहिला. ज्याला विषय येतो त्याला तो शिकवितांही येतो, असें गृहीतच धरलें जाई. उत्तम गवई हा उत्तम गुरु असतोच असें नाहीं, हें आपल्या संगीताच्या घराण्यांत शागीर्दालाही ठाऊक असतें. विद्यापीठांना मात्र तें फार उशिरां उमगलें.

मिलर यांचा जन्म १९१९ मधला. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठांतून १९४३ मध्यें ते वैद्य झाले, आणि पुढें बफेलो येथील विद्यापीठांत वैद्यकाचे अध्यापक म्हणून काम करूं लागले. तेथें त्यांची गांठ नॅथॅनिएल कँटर या समाजशास्त्राच्या प्राध्यापकांशीं पडली. शिकविणें म्हणजे भरलेल्या घागरींतून रिकाम्या घागरींत पाणी ओतणें नव्हे, शिकणाऱ्यानें स्वतः कांहीं केल्यावांचून शिक्षण होत नाहीं, या विचाराचे ते पुरस्कर्ते होते. मिलर यांच्यावर या विचाराचा खोल परिणाम झाला. १९५० च्या दशकाच्या मध्यास कॉमनवेल्थ फंड या संस्थेच्या साह्यानें बफेलो येथें एक प्रयोग सुरू झाला. त्यांत वैद्यकाचे प्राध्यापक व शिक्षणशास्त्राचे प्राध्यापक एका मेजाभोंवतीं बसत व अध्यापनाची चर्चा करीत. आज यांत विशेष कांहीं वाटणार नाहीं. पण त्या काळीं वैद्यकशाळांत शिक्षणशास्त्राला फारशी प्रतिष्ठा नव्हती. हृदयरोगाच्या तज्ज्ञानें मास्तरांच्या मास्तरांकडून धडे घ्यावे, ही कल्पनाच अनेकांना चमत्कारिक वाटावी अशी होती. मिलर यांनीं १९५६ मध्यें या प्रयोगावर जो लेख लिहिला, त्याच्या मथळ्यांतच त्यांनीं अध्यापनशास्त्राच्या जोडीला ‘साहस’ हा शब्द घातला.

१९५९ मध्यें शिकागो येथील इलिनॉय विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयांत त्यांनीं ‘वैद्यकीय शिक्षण-संशोधन कार्यालय’ उभारलें. या नांवांतील ‘संशोधन’ हा शब्द महत्त्वाचा आहे. अध्यापकांना चार युक्तीच्या गोष्टी सांगण्यासाठीं हें कार्यालय नव्हतें. रोगाविषयीं जशी नोंद, मोजमाप व तुलना करावयाची, तशीच ती अध्यापनाविषयीं करावी, हा त्यांचा आग्रह होता. त्यांच्याबरोबर क्रिस्टीन मॅग्वायर या विदुषी काम करीत. त्या वैद्य नव्हत्या. परीक्षाशास्त्र हा त्यांचा विषय. त्यांनीं परीक्षेंतला एकेक प्रश्न घेऊन विचारलें, कीं याचें उत्तर देण्यासाठीं मनाला काय करावें लागतें? आठवावें लागतें, कीं अर्थ लावावा लागतो, कीं निर्णय घ्यावा लागतो? अमेरिकेंतील अस्थि-शल्यविशारदांच्या मंडळाची तोंडी परीक्षाही या कसोटीला लागली. तोंडी परीक्षेंत उमेदवाराची खरी पारख होते, असा परीक्षकांचा ठाम विश्वास होता. १९६६ मध्यें मॅग्वायर यांनीं आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला तेव्हां दिसून आलें, कीं तेथेंही बहुतेक सारा भर सुट्या माहितीच्या स्मरणावरच आहे. परीक्षक समजत होते एक, आणि मोजीत होते दुसरेंच!

यावर उपाय म्हणून एक नवें साधन पुढें आलें. उमेदवाराला एका रोग्याची हकीकत द्यावयाची व त्यापुढें काय करतां येईल याची यादी द्यावयाची. प्रत्येक पर्यायाचा परिणाम कागदावर छापलेला, पण झांकलेला असे. उमेदवारानें निवडलेल्या पर्यायावरचें आवरण खोडून काढलें, कीं खालीं मजकूर दिसे: रक्ताच्या तपासणीचा निकाल, किंवा रोग्याची प्रकृति बिघडल्याची बातमी. एकदां खोडलें तें परत झांकतां येत नसे, जसें दिलेलें औषध परत घेतां येत नाहीं. हें साधन झपाट्यानें पसरलें. परंतु १९७८ मध्यें मिशिगन राज्य विद्यापीठांतील एल्स्टाईन, शुलमन व स्प्राफ्का या संशोधकांनीं आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, व त्यांत अडचणीची गोष्ट निघाली. एका रोग्याचा प्रश्न उत्तम सोडविणारा वैद्य दुसऱ्या रोग्याच्या बाबतींत उत्तम ठरेलच असें नव्हतें. ‘निदानकौशल्य’ म्हणून कोणतीही एक सर्वसाधारण शक्ति हातीं लागेना. जो तो त्या त्या विषयाच्या ज्ञानावर अवलंबून. मग दोनचार रोग्यांच्या हकीकतींवरून कोणाची पात्रता कशी ठरवावी? हळूहळू हें साधन मोठ्या परीक्षांतून मागें पडलें. ज्या शिस्तीनें ते उभें केलें, त्याच शिस्तीनें तें मोडीतही निघालें. मला तरी यांत मिलर यांच्या कार्याचा विजयच दिसतो.

मध्यंतरीं शिकागोचें हें कार्यालय अध्यापकांच्या अध्यापकांचें विद्यापीठ बनलें होतें. जागतिक आरोग्य संघटनेच्या योजनेखालीं देशोदेशींचे वैद्यक-अध्यापक तेथें येऊन शिकले. पुढें श्रीलंकेंत पेरादेनिया येथें, थायलंडांत बँकॉक येथें अशीं केंद्रें निघालीं, व १९७० च्या दशकांत पाँडिचेरीच्या ‘जिपमेर’ संस्थेंत आपल्या देशाचें केंद्र निघालें. मुंबईच्या सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयांतही २००५ मध्यें फिलाडेल्फियाच्या एका संस्थेच्या सहकार्यानें वैद्यक-अध्यापकांसाठीं असा अभ्यासक्रम सुरू झाला.

मिलर यांचें नांव आज सर्वतोमुखी आहे तें मात्र त्यांच्या १९९० मधील एका छोट्या लेखामुळें. त्यांत एका पिरॅमिडाची आकृति आहे. तळाशीं ‘माहीत आहे’. त्यावर ‘कसें करावें तें माहीत आहे’. त्यावर ‘करून दाखवितो’. आणि शिखरावर ‘करतो’. परीक्षा बहुतेक तळाशींच घोंटाळत राहतात, आणि रोग्याचा संबंध येतो तो शिखराशीं. भारतांत २०१९ पासून एम्. बी. बी. एस्. चा जो नवा अभ्यासक्रम लागू झाला, त्यांत प्रत्येक कौशल्यापुढें के, के-एच्, एस्, एस्-एच्, पी अशीं इंग्रजी अक्षरें छापलेलीं आहेत. तीं या पिरॅमिडाच्याच पायऱ्यांवरून आलेलीं. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे विद्यार्थी तीं नित्य वाचतात. त्यांत ‘स्वतः करतो’ या अर्थाचें ‘पी’ हें अक्षर फारच थोड्या ठिकाणीं भेटतें, ही गोष्ट मात्र लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

शिखर मोजणें कठीण कां? करून दाखवितांना विद्यार्थ्याला ठाऊक असतें, कीं कोणी पाहत आहे. कोणी पाहत नसतांना तो काय करतो, तें कसें पाहावें? याचीही युक्ति मिलर यांच्याच परिवारांतून निघाली. त्यांचे बफेलोचे सहकारी स्टीफन अब्राहमसन यांनीं दक्षिण कॅलिफोर्नियांत हॉवर्ड बॅरोज या मज्जातंतुरोगतज्ज्ञाबरोबर, धडधाकट माणसाला रोग्याची भूमिका शिकवून परीक्षेसाठीं बसविण्याची पद्धति १९६४ मध्यें प्रसिद्ध केली. पुढें संशोधकांनीं असे पढविलेले रोगी कसलीही वर्दी न देतां दवाखान्यांतून पाठविले. २०१४ व २०१५ सालीं मुंबई व पाटणा येथील खासगी दवाखान्यांत क्षयाचीं लक्षणें सांगणारे असे ‘रोगी’ गेले. दोन आठवड्यांहून अधिक खोकला, ताप, वगैरे. सर्व भेटी मिळून सुमारें ३५ टक्के वेळांच त्यांना योग्य वागणूक मिळाली. पदवीधर वैद्यांची कामगिरी इतरांहून बरी होती, पण तीही समाधानकारक नव्हती.

त्याआधीं दिल्लींत केलेल्या अशाच एका पाहणींत, ज्या वैद्यांकडे असे रोगी जाऊन आले होते, त्यांतील कांहींना मागाहून तीच हकीकत तोंडी सांगून उपाय विचारण्यांत आला. तेव्हां पुष्कळांनीं थुंकीची तपासणी करावयास हवी असें अचूक उत्तर दिलें. प्रत्यक्ष रोगी समोर बसला होता, तेव्हां त्यांतल्या फार थोड्यांनीं ती करावयास सांगितली होती.